माती परीक्षण अहवालाची तीन पाने

माती परीक्षणाचा तो अहवाल ६४ पानांचा होता आणि त्यातली तीनच पाने मी पुढे पाठवली. एक सुरक्षित भारक्षमतेच्या, म्हणजे जमीन किती भार पेलेल याच्या, तक्त्याचे, दुसरे बोअरच्या, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या अरुंद भोकांच्या, जागा दाखवणाऱ्या नकाशाचे आणि तिसरे जमिनीच्या उभ्या छेदाचे. मूळ नकाशांवरची अक्षरे बारीक होती म्हणून शेवटची दोन पाने आमच्या आरेखकाकडून आमच्या चौकटीत नव्याने काढून घेतली. उरलेली ६१ पाने माझ्या कपाटात राहिली. मालकाच्या बाजूने बांधकामाचे व्यवस्थापन पाहणे हे माझे काम, आणि ज्याला जेवढे लागते तेवढेच कागद त्याच्यापर्यंत पोहोचवणे हा मी स्वतःचा गुण समजत असे. पुढे पायाची खोदाई थांबवावी लागली आणि काम सहा आठवडे ठप्प झाले, तेव्हा ती ६१ पाने मी प्रथमच सलग वाचली. मी केलेली जवळपास प्रत्येक चूक 'असे करू नये' या स्वरूपात तिथे आधीच लिहिलेली होती.

सुरुवातीला इमारत अगदी साधी होती. तळमजला आणि त्यावर दोन मजले, लांबी ३० मीटर, रुंदी २४ मीटर, तळघर नाही. जमिनीच्या तपासणीसाठी आम्ही एका अनुभवी भूतांत्रिक अभियंत्यांना नेमले. साइटवर सगळे त्यांना सॉइल कन्सल्टंट म्हणत आणि मी त्यांना सर म्हणत असे. काम स्वीकारण्याआधी त्यांनी मला प्रश्नांची एक यादी पाठवली. कॉलमवर अंदाजे किती भार येणार, इमारतीची जागा पक्की झाली आहे का, पुढेमागे तळघर येण्याची शक्यता आहे का, जमिनीची पातळी भराव घालून वाढवणार की खाली उतरवणार, पाया किती खचलेला चालेल, आणि एका कॉलमपेक्षा दुसरा किती जास्त खचलेला चालेल. या सगळ्याला मी एका ओळीत उत्तर दिले, की सध्या नकाशाप्रमाणे धरावे, पुढचे पुढे पाहू. माझी ही ओळ त्यांनी तारखेसह अहवालाच्या पहिल्या प्रकरणात गृहीतक म्हणून नोंदवली होती, हे मला फार उशिरा कळले.

त्या गृहीतकावरच तपासणीचा सगळा बेत आखला गेला. सुमारे दोन मीटर रुंदीचे सुटे फुटिंग, म्हणजे एकेका कॉलमखालचा स्वतंत्र पाया, दीड मीटर खोलीवर बसणार असेल, तर त्याच्या भाराचा परिणाम त्याच्या रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंत, म्हणजे आणखी चार मीटर खाली, जाणवण्याजोगा राहतो. चौरस फुटिंगखाली तेवढ्या खोलीवर वरच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून इमारतीच्या चार कोपऱ्यांजवळ प्रत्येकी १० मीटर खोलीचे चार बोअर पुरेसे होते, आणि ज्या इमारतीसाठी ते घेतले तिच्यासाठी ते खरोखरच पुरेसे होते.

बोअर घेण्याच्या दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलो होतो. तिवईखाली सळयांची रांग बोअरमध्ये उतरवलेली होती आणि वर दोरीने ओढला जाणारा ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा पडत होता. सळईवर खडूने १५-१५ सेंटिमीटरचे तीन टप्पे आखले होते. पहिल्या टप्प्याचे ठोके नोंदवायचे पण हिशेबात धरायचे नाहीत, कारण बोअरच्या तळाची माती खोदकामाने ढिली झालेली असते. पुढच्या दोन टप्प्यांच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन हा आकडा, तो जितका मोठा तितकी माती घट्ट. एक मुलगा ठोके मोठ्याने मोजत होता. मोजता मोजता त्याचा मोबाइल वाजला आणि 'सहा' नंतर तो पुन्हा 'सहा' म्हणाला की 'सात', यावर तिथे उभ्या असलेल्या तिघांचे एकमत झाले नाही. पर्यवेक्षकाने वहीत आकडा लिहिला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले. मग नमुना घेणारी नळी वर काढून उघडली, तेव्हा तिच्या दोन अर्ध्या पन्हळींमध्ये ३५ मिलिमीटर जाडीचा मातीचा दांडा पडलेला दिसला. माती राखाडी, चिकण, मध्ये एक तपकिरी रेघ आणि केसाएवढे एक कुजलेले मूळ. पर्यवेक्षकाने त्यावर अंगठा दाबला, तो कष्टाने रुतला. तेवढे लिहून घेऊन दांडा पिशवीत भरला, त्यात चिठ्ठी टाकली आणि सळया पुन्हा खाली गेल्या.

छापील अहवालातला बोअरलॉग, म्हणजे बोअरमध्ये कोणत्या खोलीवर काय लागले याची नोंद, इतका नीटनेटका दिसतो की त्यामागे ही वही आहे हे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही. शिवाय वहीतला लॉग आणि अहवालातला लॉग एकच नसतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्यावर अभियंता वहीतली वर्णने सुधारतो, दोन नोंदींच्या मध्ये थर नेमका कुठे बदलला असावा हे ठरवतो आणि तिथे रेघ ओढतो. ती रेघ त्याचा निर्णय असतो, कोणी जमिनीत उतरून पाहून आलेला नसतो. मी नंतर एक साधा हिशेब केला. १५० मिलिमीटर व्यासाच्या चार बोअरचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.०७ चौरस मीटर भरते आणि इमारतीखालची जमीन ७२० चौरस मीटर, म्हणजे दहा हजारांत एक भाग आम्ही पाहिला होता. त्यातही दर दीड मीटरला ४५ सेंटिमीटरचाच नमुना नळीत येतो. बाकीचे सगळे अनुमान. ते जाणकाराचे अनुमान असते म्हणून त्यावर इमारती उभ्या राहतात, पण ते अनुमान आहे हे विसरण्याची सोय आम्ही त्या नव्याने काढलेल्या नकाशांत करून ठेवली होती.

अहवाल आला तेव्हा मी अनुक्रमणिकेवरून थेट तक्त्यावर गेलो. दीड मीटर खोली, दोन मीटर रुंदी, २५ मिलिमीटर खचण्याची मुभा आणि त्यापुढे १८ टन प्रति चौरस मीटर. आकडा मिळाला, काम झाले. शेवटी 'अहवालाच्या मर्यादा' असे चार पानांचे प्रकरण होते. ते वकिलाने घालायला लावलेले चिलखत असावे असे समजून मी उलटून टाकले. त्यात लिहिले होते की हा अहवाल याच मालकासाठी, याच इमारतीसाठी आणि तिच्या याच जागेसाठी आहे. इमारतीचा आकार, जागा, भार, पातळी किंवा वापर यांपैकी काहीही बदलल्यास तो आम्हाला दाखवावा. त्यातले भाग सुटे करून कोणाला देऊ नयेत आणि लॉग पुन्हा काढू नयेत. पाण्याची पातळी मोजणीच्या दिवसाची आहे. जमीन दूषित आहे की नाही हे या तपासणीत पाहिलेले नाही. आणि शिफारशी तात्पुरत्या आहेत. खोदाई झाल्यावर तळाची माती आम्ही स्वतः पाहू, तेव्हाच त्या कायम होतील. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत विचित्र वाटले होते. पैसे मोजून घेतलेला सल्ला तात्पुरता कसा, असे मी मालकांजवळ बोलूनही दाखवले होते.

पाच महिन्यांनी इमारत बदलली. प्रवेशमार्गाच्या सोयीसाठी ती १४ मीटर पूर्वेला सरकली, वाहनतळासाठी तळघर आले आणि वर एक मजला वाढला. वास्तुविशारद, संरचना अभियंता, वीज आणि पाणी पाहणारे या सगळ्यांना मी नवे नकाशे पाठवले. त्या यादीत सॉइल कन्सल्टंट नव्हते, कारण माझ्या लेखी त्यांचे काम संपले होते आणि बिल चुकते झाले होते. संरचना अभियंता मॅडमनी पायाची माहिती मागितली तेव्हा ती तीन पाने गेली. त्यांच्यासमोर जे आले त्यावरून त्यांनी तळघराच्या पातळीवर, ३.६ मीटर खोलीवर, सुटी फुटिंगे आणि मध्ये साधी फरशी असा पाया धरला. ठेकेदारालाही तीच तीन पाने गेली आणि त्यांच्या तळाशी मी 'केवळ माहितीसाठी' असा शिक्का मारला. अहवालाचा आधार घेऊन त्याने उद्या आमच्यावर दावा करू नये, असा माझा हिशेब होता.

खोदाई पश्चिमेकडून सुरू झाली आणि छेदात दाखवल्याप्रमाणे घट्ट तपकिरी चिकणमाती लागत गेली. ईशान्य कोपऱ्यात पोकलेनच्या बकेटमधून अडीच मीटर खोलीवर विटांचे तुकडे वर आले, मग एक अर्धा टायर, मग जळक्या तेलाचा वास येणारा काळा चिखल. खड्ड्याच्या बाजूंतून पाणी पाझरू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात गुडघाभर पाणी होते. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, सॉइल रिपोर्टमध्ये तर असलं काहीच नव्हतं." मीही मान हलवली. अहवाल चुकला, असे मी त्या दिवशी चार जणांना सांगितले. संध्याकाळपर्यंत अनपेक्षित परिस्थितीमुळे वाढीव रक्कम मागणारे ठेकेदाराचे पत्र आले. मॅडम साइटवर आल्या, त्यांनी कोपरा पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले: "हे सॉइल कन्सल्टंटनी पाहिलं का? आणि मूळ अहवाल कुठे आहे?"

सर आले ते स्वतःची प्रत घेऊनच. माझी अपेक्षा होती की ते आधी खड्ड्याकडे जातील. त्यांनी इमारतीची नवी आखणी मागितली, आपल्या बोअरच्या नकाशावर ती ठेवली आणि पेन्सिलीने दोन बिंदूंभोवती गोल काढले. पश्चिमेचे दोन बोअर आता इमारतीच्या बाहेर होते आणि पूर्वेचे दोन तिच्या साधारण मध्यावर. इमारतीच्या पूर्वेकडच्या जवळजवळ अर्ध्या भागाखाली एकही बोअर नव्हता. मग त्यांनी अहवालाचे सातवे पान उघडून माझ्यासमोर धरले. जागेचा पूर्वेतिहास या शीर्षकाखाली तिथे लिहिले होते की जुन्या नकाशात पूर्वेच्या हद्दीजवळ एक खड्डा दिसतो, तो नंतर बुजवला गेला असावा, नियोजित इमारत त्यापासून दूर असल्याने तिथे बोअर घेतलेला नाही, आणि भविष्यात त्या भागात बांधकाम होणार असल्यास स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे. मी ते पान दोनदा वाचले. सकाळी ज्यांना मी अहवाल चुकल्याचे सांगितले होते, त्यांतले दोघे शेजारीच उभे होते.

त्यानंतर सरांनी आमचा छेद आणि त्यांचा छेद शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या छेदात दोन बोअरच्या मधल्या सगळ्या रेघा तुटक होत्या आणि ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे होती. आमच्या आरेखकाने स्वच्छ, अखंड रेघा ओढल्या होत्या, प्रश्नचिन्हे गाळली होती आणि दोन थरांत दोन सुंदर रंग भरले होते. मोबाइल वाजला त्या वेळचा एनचा आकडा मूळ लॉगमध्ये 'शंकास्पद' अशा शेऱ्यासह होता. आमच्याकडे नुसता आकडा. सर्वांत महाग पडली ती पाण्याची निळी रेघ. मूळ नोंद अशी होती: पाणी ६.२ मीटरवर, २४ तासांनी मोजलेले, बोअर अंशतः ढासळलेला, पातळी स्थिर झाल्याची खात्री नाही. आमच्या छेदात ६.२ मीटरवर एक सरळ निळी रेघ होती. चिकणमातीतून पाणी इतके हळू झिरपते की उघड्या बोअरमधली पातळी खऱ्या पातळीला यायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात, आणि ओल्या ऋतूत ती आणखी वर चढते. आमची निळी रेघ पाहून ठेकेदाराने पाणी उपसण्याची तरतूद शून्य धरली होती. त्याला दोष देण्यासारखे काही नव्हते.

मी तरीही शेवटचा मुद्दा मांडून पाहिला. खड्ड्याचा कोपरा सोडला तर बाकीची माती तीच आहे, मग १८ टन हा आकडा तरी लागू आहे ना? यावर सर बराच वेळ बोलले, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या उपयोगाचे सर्वांत जास्त काही असेल तर ते हे बोलणे होते. भारक्षमता हा रंगासारखा किंवा घनतेसारखा मातीच्या अंगचा गुण नाही, असे ते म्हणाले. फुटिंगची रुंदी, त्याची खोली, पाण्याची पातळी आणि किती खचलेले चालेल, हे सगळे ठरल्यावर मातीने दिलेले ते उत्तर असते. यांतले एक बदलले तरी उत्तर बदलते. त्याच मातीवर दोन मीटरऐवजी चार मीटर रुंद फुटिंग ठेवून तोच दाब दिला, तर ते साधारणपणे जास्त खचते, कारण दाब अधिक खोलवर पोहोचतो आणि तिथली मातीही दबू लागते. संपूर्ण इमारतीखाली एकच राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा एकसंध सलग पाया, घातला तर हा परिणाम बोअर जिथे थांबले त्याच्याही कितीतरी खाली जाईल. "दहा मीटरच्या खाली काय आहे ते मला माहीत नाही, आणि मला ते विचारलेलंही नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी ट्रान्सकोनाची हकिगत सांगितली. कॅनडातील विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे १९१३ साली धान्याचे एक प्रचंड कोठार पहिल्यांदाच भरले जात असताना एका बाजूला खचू लागले आणि सुमारे २७ अंशांनी कलून थांबले. बांधण्यापूर्वी जमिनीची भारचाचणी झालेली होती. पण ती चाचणी लहान प्लेटवर होती आणि लहान प्लेटखालचा दाब वरच्या घट्ट थरातच जिरून गेला. कोठाराचा राफ्ट प्लेटच्या कितीतरी पट रुंद, त्यामुळे त्याचा दाब खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोहोचला. तो मऊ थर १९५१ साली तिथे बोअर घेतले तेव्हा स्पष्टपणे मोजला गेला. कोठाराचे काँक्रीट मात्र इतके भक्कम होते की ते न मोडता आडवे होत गेले, आणि नंतर त्याखाली खोदून व जॅक लावून ते सरळही करण्यात आले. चाचणी खोटी नव्हती, तिने फक्त वेगळ्याच आकाराच्या पायाविषयी सांगितले होते. सरांच्या बोलण्यात उपहास नव्हता, तरी मी खाली पाहूनच ऐकत होतो.

नवी तपासणी सहा आठवडे चालली. तीन बोअर घेतले, दोन पूर्वेच्या भागात आणि एक मध्यावर. २२ मीटरच्या आसपास झिजलेला खडक लागला आणि त्यातही तीन मीटर आत जाऊन बोअर थांबले. ११ ते १५ मीटरच्या दरम्यान, म्हणजे जुने बोअर संपले त्याच्या अगदी एक मीटर खाली, मऊ चिकणमातीचा थर निघाला. त्याचे नमुने पातळ भिंतीच्या नळ्यांत, शक्य तितके न हलवता घेतले आणि ते किती दबतात हे पाहणाऱ्या चाचणीसाठी पाठवले. त्या चाचणीत भाराचा प्रत्येक टप्पा साधारण २४ तास ठेवावा लागतो, त्यामुळे एका नमुन्यालाही आठवडाभर सहज लागतो. मालक रोज विचारत की मातीला एवढा वेळ कशाला लागतो, आणि मी त्यांना रोज हेच सांगत असे. पाण्यासाठी दोन पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या, बसवले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांतली पातळी १.९ मीटरवर स्थिरावली, आणि आरेखनासाठी ती एक मीटरपर्यंत चढेल असे धरावे असे सरांनी सुचवले. भरावातल्या तेलकट चिखलाचे नमुने पर्यावरण तपासणी करणाऱ्या दुसऱ्याच तज्ज्ञांकडे गेले, कारण त्याचे काय करायचे हे ठरवणे भूतांत्रिक अभियंत्याच्या कामात बसत नाही.

दुसरा अहवाल आला तेव्हा सगळ्यांना वाटले होते की मऊ थरामुळे आता पाइल, म्हणजे खोलवर जाणारे पायाचे खांब, घालावे लागणार. निष्कर्ष वेगळाच निघाला. नव्या इमारतीचे वजन पूर्ण राफ्टवर पसरले तर दर चौरस मीटरला सुमारे ८ टन येत होते, आणि तळघरासाठी ३.६ मीटर माती काढून टाकल्याने जमिनीवरचा सुमारे साडेसहा टन भार आधीच कमी होत होता. खालच्या थरांना नव्याने सोसावा लागणारा दाब दीड टनाच्या आसपासच उरला, आणि मऊ थर तेवढ्याने फारसा दबणार नव्हता. खरे संकट पाण्याचे होते. पाणी जमिनीखाली एक मीटरवर आले तर तळघराच्या तळाला खालून दर चौरस मीटरला २.६ टनांचा रेटा बसणार होता, आणि जिथे वर इमारत नाही, नुसता वाहनतळ आहे, तिथे ६० सेंटिमीटर जाडीच्या राफ्टचे वजन जेमतेम दीड टन. वरचा स्लॅब धरूनही हिशेब जुळत नव्हता. त्या भागात राफ्ट जाड केला, त्याच्या कडा भिंतींच्या बाहेर काढून त्यांवर मातीचे वजन घेतले, आणि वरचे ठरावीक काम पूर्ण होईपर्यंत पाणी उपसणे थांबवायचे नाही अशी लेखी अट घातली. मी पाठवलेल्या तीन पानांवर सुटी फुटिंगे आणि मध्ये साधी फरशी झाली असती, तर फुटिंगे कदाचित टिकली असती, पण एखाद्या ओल्या ऋतूत फरशी फुगून वर आली असती. १८ टन हा आकडा नव्या आरेखनात कुठेच वापरावा लागला नाही.

या वेळी अहवाल पूर्णच्या पूर्ण सगळ्यांना गेला, जुना आणि नवा दोन्ही, मूळ लॉगांसह. त्याआधी दोन तासांची एक बैठक झाली. सर, मॅडम, वास्तुविशारद आणि ठेकेदाराचे अभियंते समोरासमोर बसले आणि सरांनी मॅडमच्या पायाच्या नकाशांतून आपल्या शिफारशी बरोबर उतरल्या आहेत का हे ओळीने तपासले. दोन ठिकाणी उतरलेल्या नव्हत्या. एका टिपेत 'घट्ट माती लागेपर्यंत' असे मोघम शब्द होते. त्याऐवजी मातीचे वर्णन आणि ती कोणी पाहून मान्य करायची हे लिहिले गेले. ठेकेदाराच्या कराराबद्दल मी शिक्क्याचा विषय काढला तेव्हा सर म्हणाले की माहिती लपवली म्हणून जोखीम नाहीशी होत नाही, ठेकेदार ती एकतर दरात धरतो किंवा नंतर पत्रात मागतो. बोअरची प्रत्यक्ष निरीक्षणे ही माहिती आणि दोन बोअरच्या मधल्या जमिनीचे चित्र हे मत, असा फरक करारात स्पष्ट लिहिला. हवे असल्यास स्वतःची जादा तपासणी करून घ्यायला त्याला मुदतही दिली. त्याने ती घेतली नाही, पण पंपांचे दर त्याने या वेळी नीट विचार करून भरले होते हे दिसत होते.

खोदाई पुन्हा सुरू झाल्यावर 'तात्पुरत्या शिफारशी' या शब्दांचा अर्थ मला कळला. ईशान्य कोपऱ्यातला भराव मूळ माती लागेपर्यंत काढायचा आणि ती जागा कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरून घ्यायची असे ठरले होते. मूळ माती किती खोलीवर लागेल याचा अहवालातला अंदाज पाच मीटरचा होता. पाच मीटरवर सुपरवायझरने फोन केला की तळ लागला. सर आले, त्यांनी तळात एक सळई ढकलली, ती सहज हातभर गेली. आणखी ४० सेंटिमीटर काढल्यावर राखाडी चिकणमाती दिसली, तिच्यात तीच तपकिरी रेघ होती. त्यांनी अंगठा दाबून पाहिला, मला दाबायला सांगितले आणि मगच स्थळपाहणीच्या नोंदीवर सही केली. सहीच्या वर त्यांनी लिहिले, 'या भागापुरती शिफारस कायम'.

राफ्ट झाल्यावर आठ ठिकाणी खचण्याची मोजणी सुरू केली. जमिनीबद्दलचे आपले अंदाज बांधकामादरम्यान मोजून तपासत राहण्याची ही रीत राल्फ पेक यांनी १९६९ साली एका व्याख्यानात पद्धत म्हणून सविस्तर मांडली, आणि तिच्यातली महत्त्वाची अट अशी की मोजमाप अंदाजाबाहेर गेले तर काय करायचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे. आमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर तसे दोन आकडे आहेत. पहिला ओलांडला तर सरांना फोन करायचा, दुसरा ओलांडला तर वरचे काम थांबवायचे. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत पहिला आकडा एकदाही ओलांडला गेलेला नाही. पिझोमीटर मी जपून ठेवले आहेत. एकाचे टोक भरावाखाली जाण्याच्या बेतात होते, तेव्हा त्याला नळी जोडून वर घेतले.

गेल्या महिन्यात शेजारच्या भूखंडावर काम सुरू करणाऱ्या एका अभियंत्यांचा फोन आला. हद्द लागूनच आहे, जमीन एकच आहे, तेव्हा तुमच्या अहवालातले भारक्षमतेचे पान तेवढे पाठवा, असे ते अगदी मोकळेपणाने म्हणाले. मी त्यांना विचारले की तळघर आहे का, फुटिंग सुटी की राफ्ट, आणि इमारत नेमकी कुठे बसणार आहे. अजून ठरायचे आहे, सध्या नकाशाप्रमाणे धरायचे, असे ते म्हणाले. मी त्यांना पान पाठवले नाही, सरांचा नंबर पाठवला आणि त्यांच्या पश्चिम हद्दीजवळ एक बुजवलेला खड्डा आहे हे लिहून कळवले.